ओल शोषणारा डबा: कपाटात उत्तम, खोलीत फुकट

पावसाळा लागला की दुकानांत ओल शोषणारे प्लास्टिकचे डबे दिसू लागतात. वरच्या जाळीत पांढरे खडे, त्यावर पातळ पापुद्रा, खाली पाणी साठायला जागा. म्हाडाच्या जुन्या वसाहतींत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत भिंतीवर भुरा दिसला की माणसं तेच आणतात. पैसे घालण्याआधी हे वाचा.

खडे कॅल्शियम क्लोराइडचे असतात. हवेतलं बाष्प ओढून ते स्वतःच विरघळतात, त्यामुळे खाली जमतं ते साधं पाणी नसतं, खारं द्रावण असतं. बंद कपाटासाठी हा डबा खरंच चांगला. कपाटात हवा जेमतेम एक घनमीटर, त्यामुळे साड्या, कागदपत्रं, चामड्याच्या वस्तू भुरकटत नाहीत. डांबराच्या गोळ्या कसर मारतात, ओल घालवत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहू नका. डबा तळाच्या कप्प्यात, सपाट ठेवायचा. पापुद्र्याला बोट लावू नका, फाटला आणि डबा कलंडला तर द्रावण सांडतं. लोखंडी कपाट त्याने गंजतं, चामडं आक्रसतं. म्हणून खाली प्लास्टिकचा ट्रे हवाच. सांडलंच तर भरपूर पाण्याने पुसा. नुसतं वाळू दिलं तर डाग पुन्हा पुन्हा ओला होतो.

खोलीसाठी मात्र घेऊ नका. ३०० चौरस फुटांचं, ९ फूट उंचीचं घर धरा: हवा साधारण ७६ घनमीटर. ३० अंश तापमानात आर्द्रता ८५ टक्क्यांवरून ६० वर आणायची, तर या हवेतून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी काढावं लागतं. ६०० मिलीच्या डब्याची सगळी कुवत तेवढीच, आणि तीही काही आठवड्यांत वापरली जाणारी. इकडे दाराखिडक्यांच्या फटींतून नवी दमट हवा येतच असते; कुकरची वाफ आणि घरातल्या दोरीवरचे कपडे वेगळेच. खोली कोरडी करायची तर खिडक्या लावून एसीचा ड्राय मोड किंवा कॉम्प्रेसरवर चालणारं डीह्युमिडिफायर लागतं.

त्याआधी ओल कुठली ते बघा. डागाशेजारी, वरून कोरड्या दिसणाऱ्या जागी फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडची बाजू भिजली तर पाणी भिंतीतून येतंय: वरच्या घराची नहाणी, बाहेरच्या पाइपाचा सांधा, छज्जा, गिलाव्याची भेग. अशा ठिकाणी डबे ठेवणं म्हणजे गळती चालू ठेवून फरशी पुसणं. सोसायटीला लेखी कळवा, फोटोवर तारीख असू द्या. घरातल्या बाजूने ओल रोखणारा रंग लावून भागत नाही, पाणी मागून ढकलतं आणि पोपडे सुटतात.

खोलीकडची बाजू भिजली तर हवेतलं बाष्प गार भिंतीवर बसतंय. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढे ओढा; मागे हवा खेळली की निम्मं काम होतं. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा आणि नंतरही १५ मिनिटं चालू ठेवा.

भुरा कोरड्या कुंच्याने झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, मग पंख्याखाली वाळवा. ब्लीच वापरलं तर त्यात टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि एवढ्याशा खोलीत तो जिवावर बेततो.