जॅम्युलस: संगीतशिक्षकांना एकमेकांचे वर्ग ऐकण्यासाठी कितपत उपयोगी?

संगीतशिक्षकाचा वर्ग बहुधा बंद दारामागे चालतो. समोर एक विद्यार्थी असतो, आणि आपण कसं शिकवतो हे ऐकणारं तिसरं कुणीही नसतं. प्रशिक्षणात गळा, हात आणि शास्त्र तयार होतं. विद्यार्थ्याला कुठे थांबवायचं, किती वाजवून दाखवायचं, कधी गप्प बसायचं हे मात्र ज्याचं त्यानं शोधायचं. तीन-चार शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसून ऐकणं हा यावरचा चांगला उपाय. हे शिक्षक लांब राहत असतील तर जॅम्युलसचा विचार जरूर करावा.

जॅम्युलस हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. दूरच्या वादकांना इंटरनेटवरून एकत्र वाजवता यावं म्हणून ते बनलं. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतं. एक संगणक सर्व्हर, म्हणजे मधलं केंद्र होतो, बाकीचे (शिक्षक, विद्यार्थी, निरीक्षक) आपापल्या संगणकावरून त्याला जोडले जातात आणि प्रत्येकाला आपापलं मिश्रण मिळतं, म्हणजे कुणाचा आवाज किती ठेवायचा हे ज्याच्या-त्याच्या हातात. इथे आम्ही ते फक्त शिक्षकांच्या सहअभ्यासाचं साधन म्हणून तपासलं आहे. या कामासाठी त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग.

रेकॉर्डिंग सुरू केलं की सर्व्हर प्रत्येक सहभागीची वेगळी वेव्ह फाइल (आवाजाची फाइल) बनवतो. सोबत रीपर आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरांत सगळे ट्रॅक जागच्या जागी उघडतील अशा फाइलीही देतो. म्हणजे वर्ग संपल्यावर शिक्षकाचा ट्रॅक बंद करून विद्यार्थी एकटा ऐकता येतो. इथेच डोळे उघडतात. बरेच शिक्षक विद्यार्थ्याबरोबर सतत वाजवतात किंवा गातात, त्यामुळे दोघांचं मिळून छान वाटतं. विद्यार्थ्याचा ट्रॅक सुटा केला की कळतं, अवघड जागी तो थांबलाय, शिक्षकाचा सूर लागल्यावर मागून पकडतोय, समेवर तेवढा नेमका येतोय. खोलीत बसलेल्या निरीक्षकालाही हे नीट ऐकू येत नाही, कारण मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. शिवाय दोन्ही ट्रॅकच्या लहरी एकाखाली एक पाहिल्या की शिक्षक किती वेळ बोलला आणि विद्यार्थी किती वेळ वाजवत होता हे मोजता येतं. चूक झाल्यापासून शिक्षकाने किती सेकंदांत अडवलं, तेही दिसतं. चर्चेला असा पुरावा हाताशी असला की वाद मतांवरून होत नाहीत.

आता मांडणी. पहिल्यांदा जोडणाऱ्याची दमछाक होते ती इथेच. संगणक राउटरला केबलनेच जोडावा. वाय-फायचा सरासरी वेग चांगला असला तरी डेटाची पाकिटं (आवाजाचे छोटे तुकडे) अनियमित पोहोचतात आणि आवाज तुटतो. हेडफोन सगळ्यांनी लावायचे, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमधून परत जातो आणि सुटे ट्रॅक सुटे राहत नाहीत. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर लागतो, म्हणजे आवाज कमी विलंबाने आत-बाहेर नेणारं छोटं सॉफ्टवेअर. ऑडिओ इंटरफेस (माइक किंवा वाद्य संगणकाला जोडणारं उपकरण) असेल तर त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा, नसेल तर एएसआयओफोरऑल या सर्वसाधारण ड्रायव्हरवर काम भागतं. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर (नमुन्यांवर) ठेवून सुरुवात करावी. ६४ वर विलंब कमी होतो, पण साध्या संगणकावर चटचट आवाज येऊ लागतात.

सर्व्हर आपल्याच एखाद्या संगणकावर चालवायचा असेल तर राउटरमध्ये यूडीपी पोर्ट २२१२४ (जॅम्युलसचा डेटा ज्यातून येतो तो क्रमांकित मार्ग) त्या संगणकाकडे वळवावा लागतो. शिवाय त्या घरचा अपलोड वेग पुरेसा हवा, कारण सर्व्हर प्रत्येकाला स्वतंत्र प्रवाह पाठवतो आणि माणसं वाढतील तसा भार वाढतो. सर्व्हर सार्वजनिक यादीत नोंदवू नये. पासवर्डची सोय नाही, आवाज कूटबद्धही होत नाही. पत्ता ठाऊक असलेला कुणीही आत येऊ शकतो. म्हणून जागांची कमाल संख्या गटाइतकीच ठेवावी. सगळे आत आले की दार आपोआप बंद.

विलंबाचा दिवा मुख्य खिडकीतच आहे. एकूण विलंब ४३ मिलिसेकंदांपर्यंत हिरवा, ६८ पर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. हे आकडे समजून घ्यायचे तर हवेतला आवाज आठवावा: तो १० मीटर जायला साधारण २९ मिलिसेकंद घेतो. हिरव्यातही दोघं एका खोलीच्या दोन टोकांना आहेत असं वाटतं. विलंबित लयीत ते खपून जातं. द्रुत लयीत दोघंही एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय खाली येते. अशा वेळी विद्यार्थ्याची लय कच्ची आहे असा निष्कर्ष काढला, तर तो यंत्राचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणं होईल. वर्गासाठी सोपा मार्ग म्हणजे एकाच वेळी न वाजवता आळीपाळीने वाजवणं. शिकवताना ते तसंही चांगलं.

रेकॉर्डिंगमधली लयही सांभाळून वाचावी. ट्रॅक सर्व्हरपाशी पोहोचल्या क्षणाप्रमाणे जुळलेले असतात. शिक्षकाला जे ऐकू आलं ते वेगळं, विद्यार्थ्याला ऐकू आलं ते वेगळं, आणि फाइलीत दिसतं ते तिसरंच. थोड्या मिलिसेकंदांच्या फरकावर कुणाची परीक्षा करू नये. विद्यार्थी एकटा वाजवत असताना त्याच्या ट्रॅकमधली मात्रांची अंतरं मात्र विश्वासाची असतात.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. जिटर बफर, म्हणजे अनियमित पोहोचणारी पाकिटं सावरून घेणारा साठा, दोन असतात, एक आपल्याकडचा आणि एक सर्व्हरकडचा. रेकॉर्डिंग सर्व्हरवर होतं, म्हणून विद्यार्थ्याचा सर्व्हरकडचा बफर फार लहान असेल तर आवाज मध्येच तुटतो आणि त्या तुटी फाइलीत कायमच्या उतरतात. स्वयंचलित पर्याय बंद करून विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनी तो एक-दोन पायऱ्या वाढवावा. विलंब थोडा वाढतो, ट्रॅक स्वच्छ येतो. निरीक्षकांना विलंबाची फिकीर नाही. त्यांनी आपल्याकडचा बफर खुशाल मोठा ठेवावा आणि स्वतःचा आवाज बंद करण्याचं बटण आठवणीने दाबावं.

निरीक्षकांसाठी आणखी एक सूचना: शेरे चॅटमध्ये लिहू नका. ते जोडलेल्या सगळ्यांना दिसतात, विद्यार्थ्यालाही. कागदावर वेळ आणि ऐकू आलेली गोष्ट एवढंच लिहावं. ‘१२:४०, तान तुटली, शिक्षकाने लगेच गाऊन दाखवली’ ही नोंद झाली. ‘घाई केली’ हा निवाडा झाला, तो नंतर.

चर्चेची पद्धत सॉफ्टवेअर देत नाही, ती गटाने ठरवायची. शिकवणाऱ्याने आधीच एक प्रश्न द्यावा, उदाहरणार्थ ‘मी फार लवकर अडवतो का?’ वर्ग २० मिनिटांचा पुरे. नंतर अख्खं रेकॉर्डिंग ऐकत बसू नये, सगळे थकतात. तीन मिनिटांचा तुकडा निवडून आधी विद्यार्थी एकटा, मग शिक्षक एकटा, मग दोघं एकत्र असं ऐकावं. पहिलं बोलणं शिकवणाऱ्याचं, ज्येष्ठांचं सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की नवखे शिक्षक मान डोलावतात आणि गट एका माणसाचं व्याख्यान होऊन बसतो. शेवटी पुढच्या वर्गात करायचा एकच बदल ठरवावा आणि तोच पुढच्या बैठकीत तपासावा.

उणिवाही मोठ्या आहेत. चित्र अजिबात नाही. गज, बोटं, बैठक पाहायची तर व्हिडिओ कॉल शेजारी लावून त्याचा आवाज बंद करावा लागतो, आणि चित्र आवाजाच्या मागे पडतं. हाताचं काम तपासायचं असेल तर विद्यार्थ्याच्या बाजूला फोनवर वेगळं चित्रण करावं आणि सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्यावी, म्हणजे दोन्ही फाइली जुळवता येतात. फोनवरून जोडून घेण्याच्या भरवशावर गट उभारू नये. मोनो ट्रॅक तासाला सुमारे ३४५ एमबी होतो, तेव्हा चौघांच्या २० मिनिटांसाठी जवळपास अर्धा जीबी जागा धरावी. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती आणि फाइल पुसण्याची तारीख दोन्ही आधी ठरलेली हवी. रेकॉर्डिंग चालू असल्याची सूचना पडद्यावर येते, पण ती म्हणजे संमती नव्हे.

सर्व्हरची कटकट नको असेल तर सोनोबस पाहावं. तेही मोफत आहे, गटाचं नाव आणि पासवर्ड टाकला की जोडणी होते, फोनवरही चालतं. त्यात प्रत्येकजण प्रत्येकाला थेट आवाज पाठवतो, त्यामुळे माणसं वाढली की प्रत्येकाच्या अपलोडवर ताण येतो. दोघा-तिघांसाठी ते सोयीचं. चार ते सहा जणांचा गट नियमित भरणार असेल आणि त्यात राउटरशी झटापट करायला न कंटाळणारा एक जण असेल, तर जॅम्युलसच घ्यावं. नुसतं बोलायचंच असेल तर साधा व्हिडिओ कॉल पुरतो. त्यावर वर्ग ऐकवायचा झाल्यास गोंगाट दाबणारी सोय आधी बंद करावी, कारण ती लांबवलेल्या सुरांना गोंगाट समजून कापते.