रंकाळ्याच्या पाण्यासाठी घेतलेला अंबाल्याचा मायक्रोस्कोप: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगते: घ्या. पण ज्या आकड्यावर तो विकला जातो, त्या आकड्यासाठी घेऊ नका.

माझ्याकडचा हा दोन्ही डोळ्यांनी बघायचा, विद्यार्थी वर्गातला कंपाउंड मायक्रोस्कोप अंबाल्यात तयार झालेला आहे. किंमत २०,००० रुपयांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण जवळजवळ हेच मॉडेल रंग आणि लेबल बदलून वेगवेगळ्या नावांनी मिळतं, आणि मी लिहितेय ते त्या सगळ्यांना कमी-अधिक लागू पडावं. ४, १०, ४० आणि १०० पटींची चार ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडजवळची भिंगं, १० आणि १५ पटींच्या आयपीसची, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगांची, एकेक जोडी, खाली एलईडी, त्याचा उजेड स्लाइडवर एकवटणारा आबे कंडेन्सर, त्याला उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी आयरिस आणि स्लाइड सरकवायला स्क्रूची स्टेज. काम एकच: कोल्हापूरची रंकाळा, कळंबा ही तळी, आसपासची डबकी आणि गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या थाळ्या इथल्या पाण्यात कोण राहतं ते बघायचं, आणि जमेल तिथपर्यंत ओळखायचं. रक्त, जंतू, वनस्पतींचे छेद यांतलं काही मी केलेलं नाही, तेव्हा त्यासाठी हा कसा आहे ते मला विचारू नका.

खोक्यावर ठसठशीत छापलंय, १५०० पट. पाण्यातले जिवंत प्राणी बघताना तिथवर जायची वेळच येत नाही. बारीक तपशील सुटा दिसण्याची ताकद ऑब्जेक्टिव्हवर कोरलेल्या दुसऱ्या आकड्यात असते. ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर तो ०.६५ असतो, म्हणजे हिरव्या उजेडात साधारण ०.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतील, त्याहून जवळचे नाहीत. त्या आकड्याला हजाराने गुणलं की उपयोगाच्या मोठेपणाची वरची हद्द कळते: ४० साठी ६५०, १०० साठी, म्हणजे भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब घालून वापरायच्या ऑब्जेक्टिव्हसाठी, १२५०. तेव्हा १५ चं आयपीस लावून मिळणारे १५०० पट म्हणजे तेच चित्र नुसतं फुगवलेलं. शिवाय तेलाचं ऑब्जेक्टिव्ह कव्हरस्लिपला, म्हणजे थेंबावर ठेवायच्या पातळ काचेला, इतकं टेकत येतं, की खाली पळणारा जीव असेल तर पंचाईतच. माझं १०० चं ऑब्जेक्टिव्ह जवळपास नवंकोरं आहे.

खरी मजा १० वर. माझ्या आयपीसमधून तिथे १.८ मिलिमीटर रुंदीचा गोल दिसतो, ४ वर ४.५ मिलिमीटर आणि ४० वर जेमतेम ०.४५. बहुतेक रोटिफर, म्हणजे डोक्यावरच्या केसांची चक्रं फिरवणारे पाण्यातले सूक्ष्म प्राणी, ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे असतात. म्हणजे १० वर प्राणी पुरता दिसतो आणि त्याला पळायला जागाही उरते. तो पोहतो की सरपटतो, झटके देतो की संथ फिरतो, पाय चिकटवून बसतो का, हे सगळं इथेच कळतं आणि निम्मी ओळख इथेच पटते. आधी ४० लावून शोधायला बसणाऱ्याला फक्त हिरवट धूसर काहीतरी सर्रकन जाताना दिसतं.

या यंत्रातला सगळ्यांत कामाचा भाग कोणता असं विचारलंत तर मी कंडेन्सरखालची आयरिसची दांडी दाखवीन. हे प्राणी काचेसारखे पारदर्शक. आयरिस पूर्ण उघडी असली तर उजेडात विरघळून जातात. ती हळूहळू मिटत गेलं की कडा, आतडं, अंडी वर येतात. फार मिटली तर प्रत्येक कडेला दुहेरी रेघ दिसायला लागते आणि तपशील मरतो, त्यामुळे हात सतत त्या दांडीवरच राहतो. दुसरी युक्ती फुकटची आहे: कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या कडीत पारदर्शक प्लास्टिकवर चिकटवलेली काळ्या कागदाची गोल टिकली मधोमध ठेवायची. मधला उजेड अडतो, बाजूचा तिरका उजेड प्राण्यावरून परावर्तित होऊन येतो आणि काळ्या पडद्यावर प्राणी स्वतःच उजळून निघतो. ४ आणि १० वर हे झकास जमतं. माझ्या कंडेन्सरवर ४० ला जमलं नाही.

पाणी कुठलं घ्यायचं? तळ्याच्या मधलं नितळ पाणी बहुधा निराश करतं. जलपर्णीचं एक रोप उपटून त्याची काळी, केसाळ मुळं बाटलीभर पाण्यात खळखळून घ्या. रंकाळ्याच्या नावाने जलपर्णीला शिव्या घालण्यात मीही मागे नाही, पण त्या मुळांत जी वस्ती असते तिला तोड नाही: देठावरच्या घंटेसारख्या एकपेशीय व्हॉर्टिसेलाचे झुबके, सरपटणारे रोटिफर, शिंपल्यात बसून फिरणारे ऑस्ट्राकॉड, गोलकृमी, कधी हायड्रा. मोकळ्या पाण्यातल्या जिवांसाठी जाळी लागते. तयार प्लँक्टन नेट महाग. स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानात सेंटिमीटरला १२० धाग्यांची नायलॉन जाळी मीटरवर मिळते. तिची भोकं साधारण ५० मायक्रॉनची असतात. ती शंकूसारखी शिवून टोकाला बाटली बांधली की झालं.

आता मुद्द्याचं: ओळख. हा मायक्रोस्कोप तुम्हाला नावापर्यंत किती नेतो?

कवचवाल्या मंडळींत चांगलाच नेतो. सायक्लॉप्स ४ वरच ओळखता येतो: एकच डोळा, मादीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. त्याच्याच भाऊबंदांतला डायाप्टोमस लांबलचक मिशांचा आणि एकाच पिशवीचा. यांची पिल्लं आईबापांसारखी अजिबात दिसत नाहीत; तीन जोड्या पायांचा तो नॉप्लियस १८ व्या शतकात वेगळाच प्राणी म्हणून नोंदवला गेला होता. सायक्लॉप्स पडद्यावर आला की माझ्या मराठवाड्यातल्या मावशीला नारू, म्हणजे माणसाच्या पायातून बाहेर येणारा लांब कृमी, आठवतो, आणि ते बरोबरच आहे. नारूची अळी याच्याच पोटातून माणसात जायची. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाय बुडवून पाणी भरायची, पायातला नारू पाण्यात अळ्या सोडायचा, सायक्लॉप्स त्या खायचा आणि न गाळलेल्या पाण्यातून सायक्लॉप्स माणसाच्या पोटात. पाणी फडक्याने गाळा हा सल्ला काम करायचा, कारण सायक्लॉप्स एक मिलिमीटरच्या आसपास असतो. अळी एकटी असती तर फडक्यातून सहज निघून गेली असती. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. मावशीने आयपीसला डोळा लावला आणि म्हणाली, "एवढासाच होय गं हा?"

पाणपिसवांचंही, म्हणजे पिसवांसारख्या उड्या मारत पोहणाऱ्या कवचवाल्या जिवांचंही, तसंच. डाफ्नियाला चोच आणि शेपटाकडे काटा, मोइनाला दोन्ही नाही, बॉस्मिनाला पुढे सोंडेसारख्या वाकलेल्या मिशा, कायडोरस जवळजवळ गोल. फिशटँकच्या दुकानातून डाफ्निया म्हणून आणलेलं पाणी माझ्याकडे मोइना निघालं. माशांना काय फरक पडतो म्हणा.

रोटिफरांत पाणी खोल होत जातं. ब्रॅकिओनस, केराटेला, लेकेन हे कवचामुळे वंशापर्यंत सहज कळतात. केराटेला ट्रॉपिकाचा उजवा मागचा काटा डाव्यापेक्षा चांगलाच लांब असतो, म्हणून ती तर जातीपर्यंतही जाते. इथे एक शंका हमखास येते, की मायक्रोस्कोपमध्ये उजवं-डावं उलटं दिसतं ना? चित्र अर्धा फेरा फिरलेलं असतं, आरशातलं नसतं. तेव्हा प्राण्याची उजवी बाजू उजवीच राहते, फक्त तो पाठ दाखवतोय की पोट ते बघायचं. ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरसच्या काट्यांवर मात्र विसंबू नका. पाण्यात अस्प्लांक्ना हा शिकारी रोटिफर असला तर त्याने सोडलेल्या रसायनाच्या जाणिवेने या जातीची पुढची पिढी लांब काटे घेऊन जन्मते. एकच जात, काट्यांची आणि बिनकाट्यांची. चित्रांच्या पुस्तकाशी काटे जुळवत बसणारा यात हमखास फसतो.

बिनकवचाच्या, जळूसारख्या सरपटणाऱ्या डेलॉइड रोटिफरांत मी सगळ्यांत जास्त रमले. यांच्यात नर आजवर सापडलेलाच नाही. सुकले तर गोळा होऊन पडून राहतात आणि पाणी मिळालं की चालायला लागतात. सायबेरियाच्या सुमारे २४,००० वर्षं गोठलेल्या मातीतून निघालेला असाच एक डेलॉइड जिवंत झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे दोन वंश कायम भेटतात, फिलोडिना आणि रोटारिया, आणि ते वेगळे काढायला ४० लागतं. डोळ्यांचे लाल ठिपके मेंदूवर असतील तर फिलोडिना, सोंडेच्या टोकाकडे असतील तर रोटारिया. पायाला बोटं चार असली तर फिलोडिना, तीन असली तर रोटारिया; पण ती बोटं तो क्षणभरच बाहेर काढतो, त्यामुळे फोनवर व्हिडिओ घेऊन एकेक चित्र थांबवून मोजावी लागतात. रोटारिया पिल्लं पोटात वाढवते. आईच्या अंगात आणखी एक लहान जबडा चावताना दिसला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं.

हे बघायचं तर प्राणी थांबला पाहिजे, आणि तो थेंबाच्या जाडीचा खेळ आहे. २२ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली ०.०५ मिलिलिटर पाणी असलं तर थर साधारण ०.१ मिलिमीटरचा होतो. टीपकागदाचं टोक कडेला लावून त्यातलं थोडं ओढून घेतलं की काच खाली येते आणि रोटिफर अलगद जागीच धरला जातो. आणखी ओढलं तर चिरडतो. पाणपिसवांसाठी चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचे ठिपके द्यायचे. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरच्याच मागा. ४० चं ऑब्जेक्टिव्ह त्या जाडीसाठीच बांधलेलं असतं आणि स्वस्त डबीतल्या जाडसर काचेखाली चित्र दुधाळ होतं. लोक त्याचा दोष ऑब्जेक्टिव्हला देतात.

आणि जिथे हा अडतो, तिथे अडतो. कंपाउंडच्या भिंतीवरचं वाळलेलं शेवाळ बशीत रात्रभर भिजवलं की रोटिफर आणि गोलकृमी नेहमीच निघतात, नशीब असेल तर टार्डिग्रेड, म्हणजे पाणअस्वलही. (गडाच्या भिंती खरवडायला जाऊ नका, आपल्या कंपाउंडवर भरपूर असतं.) आठ पाय, नखं, डुलत चालणं, सगळं १० वर दिसतं. पण वंश ठरवायला नखांची आणि घशाच्या नळीची रचना कायमस्वरूपी स्लाइडवर, तेलात बघावी लागते, काही जातींना तर अंडंही हवं. तिथे मी "टार्डिग्रेड" एवढंच लिहून वही मिटते. नेटवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपांना फोटो दिला की ती बिनदिक्कत जात सांगतात. त्यांचं ऐकू नका.

अशा वेळी हेन्री जॉन कार्टर आठवतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला हा डॉक्टर १८४० च्या दशकात मुंबईच्या तळ्यांतले गोड्या पाण्यातले स्पंज मायक्रोस्कोपखाली घालून बसायचा. त्याच्या नावाची स्पंजाची जात, कार्टेरी, आजही टिकून आहे. ना एलईडी, ना फोन. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठाच्या दगडांवर स्पंजाचा वाळका थर मिळाला तर तोही बघा. ४० वर त्याच्या सांगाड्यातल्या काचेच्या सुया स्वच्छ दिसतात.

तक्रारी. एलईडीचा उजेड कमी केला की फोनच्या व्हिडिओत काळे पट्टे फिरतात, कारण तो दिवा मंद होत नाही, वेगाने उघडझाप करतो. उपाय म्हणजे उजेड पूर्ण ठेवून दिव्यावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा. स्टेज हळूहळू आपोआप खाली घसरायची. मोठ्या फोकसच्या चाकामागची कडी आवळल्यावर थांबली, पण हे माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. १५ ची आयपीस कडेला इतकी धूसर आहेत की ती नसती तरी चाललं असतं. सोबतची लाकडी पेटी दिसायला देखणी, पण कोल्हापूरच्या पावसात ती ओल धरते आणि लेन्सवर बुरशीचं जाळं चढायला तेवढं पुरतं. पेटी माळ्यावर टाका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा.

घेताना काय तपासाल? १० वर फोकस केलेली स्लाइड ४० वर नेल्यावर बारीक चाकाच्या थोड्या फिरवण्यात चित्र आलं पाहिजे. दोन्ही डोळ्यांची वर्तुळं विनासायास एक झाली पाहिजेत. दुकानात पाच मिनिटं बघून कपाळ दुखलं तर ते यंत्र परत ठेवा. कंडेन्सर वर-खाली होतो ना आणि आयरिस अडखळत नाही ना ते बघा. कॅमेऱ्याची तिसरी नळी असलेलं मॉडेल विक्रेता गळ्यात मारेल; फोनचा क्लॅम्प पुरतो. त्या पैशांत आयपीसमध्ये बसणारी मापाची पट्टी आणि ०.०१ मिलिमीटरच्या खुणांची स्टेजवरची पट्टी घ्या. रोटिफर ओळखायची कुठलीही किल्ली, म्हणजे प्रश्नोत्तरांनी नावापर्यंत नेणारा तक्ता, उघडलीत तरी कधी ना कधी ती लांबी विचारतेच.