बिनब्रँडचा चार मेगापिक्सेल बुलेट कॅमेरा: सुटा करून केलेलं परीक्षण

खोक्यावर छापलेलं: चार मेगापिक्सेल, आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा), रात्री ३० मीटरपर्यंत नजर, पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज). वेगवेगळ्या स्टिकरखाली याच घडणीचा बुलेट, म्हणजे नळकांड्याच्या आकाराचा सीसीटीव्ही कॅमेरा, बाजारात सर्रास मिळतो. दिवसाचं चित्र चांगलं आहे, तिथे तक्रार नाही. प्रश्न आहे तो दोन पावसाळे निघतील का याचा, आणि त्याचं उत्तर आतल्या रबरात आणि वायरीत आहे.

उघडायचा तर कोरड्या दिवशीच. दमट हवा आत कोंडली की पहाटे काचेला आतून धुकं धरतं. पुढची रिंग आट्यांवर बसते. रबरी हातमोजा घालून डावीकडे फिरवली की सुटते. पुढचा भाग मात्र झटक्यात ओढू नका. एलईडीच्या प्लेटपासून मुख्य बोर्डाकडे बारीक वायरी जातात, ताण आला की सॉकेट बोर्डावरून उपटतं.

एलईडीची प्लेट ॲल्युमिनियमच्या पाठीची आहे, हे बरं. रात्रीसाठीचे हे इन्फ्रारेड एलईडी ८५० नॅनोमीटरचे, म्हणजे अंधारात फिकट लाल ठिपके दिसणारच. मधल्या भोकात, लेन्सभोवती, काळ्या फोमची रिंग आहे. दिसायला क्षुल्लक, पण रात्रीचं चित्र हिच्यावर उभं असतं. फोम काचेला घट्ट टेकला नाही तर एलईडीचा उजेड काचेतून परतून थेट लेन्समध्ये शिरतो आणि चित्र दुधाळ होतं. कित्येक चांगले कॅमेरे ‘रात्री पांढरं दिसतं’ म्हणून भंगारात जातात, तेव्हा खरा दोष एवढाच असतो. या कॅमेऱ्यातला फोम पातळ आहे, उघडून बंद केल्यावर दबलेलाच राहतो. बंद करताना नवा कापून घाला.

लेन्स नेहमीच्या एम १२ आट्यांची, गोंदाने पक्की केलेली. तिला हात लावू नका. एका फेऱ्यात ती अर्धा मिलिमीटर सरकते आणि फोकस पार जातो. लेन्समागे आयआर-कट फिल्टर (दिवसा इन्फ्रारेड उजेड अडवणारी सरकती काच) असतो, संध्याकाळी ‘टिक्’ आवाज येतो तो याचाच. तो अडकला की दिवसा झाडं गुलाबी-जांभळी दिसू लागतात. दोन स्क्रू आणि एक छोटा कनेक्टर काढला की होल्डरसकट बदलता येतो, फक्त स्क्रूंमधलं अंतर २० मिमी आहे की २२, ते मोजून मागवा.

मुख्य बोर्ड ३८ मिमी चौरस. प्रोसेसर आणि धातूच्या अंगामध्ये उष्णता वाहून नेणारी राखाडी गादी हवी होती. इथे ती नाही, नुसती हवा आहे. पश्चिमेच्या भिंतीवर, एप्रिल-मेच्या दुपारी हे महागात पडेल. योग्य जाडीची थर्मल पॅड स्वस्तात मिळते, ती बसवाच.

बोर्डाच्या कडेला यूआर्टचे (तपासणीसाठीच्या सीरियल जोडणीचे) पॅड उघडे आहेत. ३.३ व्होल्टचा सीरियल ॲडाप्टर जोडला की पासवर्ड न विचारता थेट रूटचा प्रॉम्प्ट येतो, म्हणजे कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा मिळतो. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना लागू झालेल्या सरकारी सुरक्षा अटींत अशी दारं बंद किंवा भक्कम पासवर्डमागे हवीत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे या अटींआधीचा जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. या अटींनुसार झालेल्या नोंदणीचा क्रमांक मागा.

आता मुख्य गोष्ट, पाणी. पुढची ओ-रिंग (रबरी गोल सील) चांगली आहे, त्या बाजूने काही शिरत नाही. पाणी येतं मागून, केबलमधून. दुपारी अंग ६० अंशांपर्यंत तापलेलं असताना सर आली की आतली हवा २८-३० अंशांवर उतरते आणि आतला दाब जवळजवळ दहा टक्क्यांनी घटतो. पाणी आत ओढणारा हा जोर साधारण एक मीटर पाण्याच्या दाबाएवढा आहे. आयपी ६७ ची चाचणीही एक मीटर पाण्यात अर्धा तास चालते, पण त्या वेळी कॅमेरा आणि पाणी यांचं तापमान जवळपास सारखं ठेवतात. शिवाय आरजे ४५ ची, म्हणजे नेटवर्क केबलच्या जोडावरची पाणीरोधक टोपी नीट बसवली नसेल तर तो आकडा निरर्थकच. आपल्याकडे टोपी खोक्यातच राहते आणि जोडाला काळी टेप गुंडाळतात. पाणी जोडात शिरतं, आवरणाच्या आतून तारांच्या कडेने ओढलं जातं आणि बोर्डावरच्या सॉकेटशी हिरवा गंज धरतो. चांगल्या कॅमेऱ्यात दाब सम करणारी बारीक श्वासझडप असते, शिवाय केबल शिरते तिथे रेझिन ओतलेलं असतं. इथे झडप नाही आणि रेझिनऐवजी रबराचं एक बूच आहे. माझ्या मते या कॅमेऱ्याचे गुण इथेच कापले जातात.

उपाय बसवतानाच करायचा. टोपी, तिच्यातला रबरी वायसर आणि मागची नट, तिन्ही वापरा. जोड जंक्शन बॉक्समध्ये घ्या, केबल खालून आत न्या आणि आधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. बॉक्सच्या तळाला बारीक भोक ठेवा. चहूबाजूंनी सिलिकॉन फासलं तर आत आलेलं पाणी आतच राहतं. सिलिका जेलची पुडी नवी घाला.

पीओईऐवजी १२ व्होल्टवर चालवणार असाल तर रात्रीच्या रिस्टार्टकडे लक्ष द्या. एलईडी लागले की करंट एकदम वाढतो आणि लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडतं. एलईडी चालू असताना कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा, १०.८ च्या खाली गेलं तर दोष कॅमेऱ्याचा नाही, तारेचा आहे.

वळचणीखाली, पोर्चमध्ये किंवा जिन्यात लावायला हा कॅमेरा पैसे वसूल आहे. उघड्या गच्चीसाठी किंवा कोकणातल्या पावसासाठी घेऊ नका. दुसरा घेताना दुकानातच मागची बाजू पाहा: केबल जिथे आत शिरते तिथे बोटाने दाबा. रबर हललं तर तो परत ठेवा.