सापांचा भिंतीवरचा तक्ता: पोवळ्याच्या चौकटीत घोळ

नागपुरात सीताबर्डीत शाळेचे तक्ते विकणाऱ्या दुकानात महाराष्ट्रातल्या सापांचा एक लॅमिनेट केलेला मोठा तक्ता मिळतो. छपाई स्वच्छ आहे, अक्षरं लांबून वाचता येतात. विषारी मण्यार आणि तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या शेजारी शेजारी छापलेत, हे फार चांगलं केलंय. घोळ आहे तो पोवळा सापाच्या चौकटीत.

तिथे लाल-पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा साप छापलाय. तो अमेरिकेतला, मायक्रुरस प्रजातीचा. विदर्भात आढळतो तो कॅलिओफिस मेलान्युरस. कुळ दोघांचं एकच, एलापिडी, नाग-मण्यारही त्यातलेच. पण दिसायला दोघांत काहीच साम्य नाही. आपला पोवळा पेन्सिलीहून बारीक, जेमतेम फूटभर. पाठ फिकट तपकिरी, तिच्यावर बारीक ठिपके. डोकं आणि मान काळी, त्यावर पिवळे डाग. पोट पोवळ्यासारखं लालसर, नाव पडलं ते त्यावरूनच. शेपटीवर दोन काळी कडी, एक बुडाशी आणि एक टोकाजवळ. डिवचला की शेपटी गुंडाळून वर उचलतो आणि तिची निळसर खालची बाजू दाखवतो. चित्रकाराने एवढी शेपटी दाखवली असती तरी काम झालं असतं. हा तक्ता पाहिलेलं पोर अंगणातल्या कुंडीखाली रंगीत पट्टे शोधेल आणि खऱ्या पोवळ्याला वाळा, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनविषारी साप, समजून हातात घेईल. पोवळा मुख्यतः वाळ्यांवर जगतो, त्यामुळे दोघं एकाच ओल्या मातीत असतात.

तळाशी ‘विषारी सापाचं डोकं त्रिकोणी’ असंही छापलंय. पोवळ्याचं डोकं मानेएवढंच असतं. नाग आणि मण्यारही या नियमात बसत नाहीत. ही ओळ सरळ खोडावी.

बिनविषारी काळतोंड्या सापाशी पोवळ्याची गल्लत नेहमी होते, आणि तक्त्यात काळतोंड्या नाहीच. काळतोंड्याची शेपटी लांब, निमुळती; पोवळ्याची आखूड, बोथट. कात मिळाली तर पाण्यात भिजवून पांढऱ्या ताटात पसरा आणि अंगाच्या मध्यावर, पोटाचे रुंद खवले सोडून, तिरक्या ओळीत खवले मोजा. पोवळ्याला 13, काळतोंड्याला 17. शेपटीवर मोजलं तर आकडा चुकतो, कारण तिथे ओळी कमी होत जातात.

उपचाराच्या रकान्यात सगळ्या विषारी सापांपुढे ‘प्रतिविष उपलब्ध’ लिहिलंय. भारतातलं पॉलीव्हॅलंट, म्हणजे एकाहून जास्त सापांच्या विषावर चालणारं, प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांसाठी असतं. पोवळा त्यात नाही. चावला तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. चावलेला अवयव न हलवता मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा. तिथे श्वासावर लक्ष ठेवता येतं.

चार मोठ्या विषारी सापांसाठी तक्ता घ्यायला हरकत नाही. वर्गात लावण्याआधी मात्र पोवळ्याच्या चित्रावर खऱ्या सापाचा फोटो चिकटवा, शेपटीची कडी स्पष्ट दिसतील असा.