दूधसागर की सावरी? डुंबायला जायचं तर कुठे?

गोव्यात एक दिवस समुद्राला सुट्टी देऊन गोड्या पाण्यात डुंबायचं ठरलं, की पहिलं नाव निघतं दूधसागरचं. सावरी हा दुसरा धबधबा सहसा गोव्यातलाच कोणीतरी सुचवतो. मडगावहून दोन्हीकडे साधारण 40 किलोमीटर, त्यामुळे अंतरावरून काही ठरत नाही. प्रश्न एवढाच, की धबधबा बघायचाय की पोहायचंय?

बघायचाय, तर दूधसागरला तोड नाही. पाणी 310 मीटरवरून टप्प्याटप्प्याने कोसळतं आणि धबधब्याच्या अंगावरूनच रेल्वेचा पूल जातो. गोम अशी, की तो खरा भरात असतो पावसाळ्यात, आणि तेव्हा कुळे गावातून धबधब्याकडे नेणाऱ्या जीप बंद असतात. त्या सुरू होतात ऑक्टोबरच्या सुमारास. उन्हाळा लागेपर्यंत धारा रोडावतात. म्हणून जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. भर पावसातला दूधसागर हवा असेल तर वास्कोहून दुपारी सुटणाऱ्या गोवा एक्सप्रेसची खिडकी पकडा. मध्येच उतरून रुळांवरून चालत जायला मनाई आहे. जुलै 2023 मध्ये तसं करणाऱ्यांना रेल्वे पोलिसांनी चक्क उठाबशा काढायला लावल्या होत्या.

पोहण्याच्या दृष्टीने मात्र दूधसागर मला तितकासा पटत नाही. जीपमध्ये सात जण बसतात. दोघंच असाल तर बाकीच्या सीट भरेपर्यंत ताटकळायचं. मग ओढे ओलांडत, हाडं खिळखिळी करणारा रस्ता, आणि शेवटी खडकांवरून चाल. डोह सुरेख आहे, पाणी गार, पायांशी मासे घुटमळतात. पण लाइफ जॅकेट सक्तीचं, गर्दी भरपूर आणि ठरल्या वेळेत जीपकडे परतायचं. पोहता न येणाऱ्यांसाठी ही शिस्त चांगलीच. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला मात्र जॅकेट घालून नुसतं तरंगण्यात काय मजा? (खाऊची पिशवी सांभाळा, माकडं टपूनच असतात.)

सावरी सांगे तालुक्यातल्या नेत्रावळी अभयारण्यात. वन खात्याच्या चौकीवर पैसे भरायचे आणि जंगलातल्या वाटेने चालायला लागायचं. धबधबा दूधसागरच्या मानाने छोटासाच, फोटोत तर अगदीच साधा दिसतो. पण पायथ्याचा डोह निवांत आहे, झाडांची सावली आहे, आणि आडवारी गेलात तर माणसंही मोजकीच. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारी, इथे यावं. पावसात वाटेवर जळवा असतात आणि ओढ्यांचा भरवसा नसतो. याच अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर जुलै 2023 मध्ये दोघे बुडाले, त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली होती. तेव्हा पावसाळ्यात निघण्याआधी चौकशी कराच. एरवीही खडकांवरून उड्या नकोत, तळ कुठे खोल, कुठे दगडाळ हे वरून कळत नाही.

स्वतःची गाडी नसेल तर सावरी अडचणीची. कुळ्याला रेल्वे जाते, नेत्रावळीला जात नाही, त्यामुळे भाड्याची स्कूटर किंवा टॅक्सी धरून चाला. जेवणाचं आधी सांगून ठेवलं तर गावातल्या मसाल्याच्या बागांत सोय होते.

सोबत आई-बाबा असतील आणि गुडघे कुरकुरत असतील, तर दूधसागरचे खडक नकोतच. नेत्रावळीला निदान त्यांना गोपीनाथ मंदिराजवळ सोडता येतं. तिथल्या तळीत तळातून सतत बुडबुडे येत असतात, ते बघत बसता येतं. तेवढ्यात तुम्ही पोहून या.