इबिडीचा दोन कप्प्यांचा कल्चर-इन्सर्ट: पेशींची पकड तपासणाऱ्यांसाठी

ट्यूमरच्या पेशी किती वेगाने सरकतात हे पाहायला अजूनही अनेक ठिकाणी २०० मायक्रोलिटरच्या पिपेट टिपने पेशींच्या थरावर ओरखडा काढतात. औषधांची ढोबळ चाळणी करायला ते पुरतं. पण प्रश्न फोकल ॲडहीजनचा असेल, म्हणजे इंटिग्रिन, टॅलिन, विन्क्युलिन या प्रथिनांच्या जोरावर पेशी तळाला कशी धरते आणि कशी सोडते याचा, तर ओरखडा नकोच. टिप पेशींसोबत तळावरचं फायब्रोनेक्टिन, म्हणजे पेशी ज्याला धरतात ते प्रथिनही खरवडून नेते. पेशी ज्या पट्ट्यात शिरणार, तिथे धरायला काय उरलंय हेच मग कळत नाही. इबिडी कंपनीच्या या इन्सर्टवर, म्हणजे डिशच्या तळाला चिकटवायच्या साच्यावर, खर्च करायचं खरं कारण हेच.

सिलिकॉनचे दोन कप्पे; त्यांत पेशी वाढवून इन्सर्ट काढला की मधल्या भिंतीच्या जागी फट उरते, सुमारे ५०० मायक्रॉनची. प्रत्येक कप्प्यात ७० मायक्रोलिटर. मिलिलिटरला ५ लाखांच्या आसपास पेशी घेतल्या की बहुतेक सेल लाइन्समध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या वाणांत) २४ तासांत थर भरतो. तळ पूर्ण कोरडा हवा. तळावरचं फायब्रोनेक्टिनचं कोटिंग ओलसर राहिलं तर इन्सर्ट चिकटत नाही आणि पेशी भिंतीखालून फटीत गळतात. मऊ जेलवर तर तो लावूच नये. काढताना चिमट्याने एक कोपरा धरून सावकाश उचलावा. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. थर फार दाट झाला तर कडेचा अख्खा पापुद्रा भिंतीसोबत उठतो.

कोटिंगची एकच मात्रा घेऊन निष्कर्ष काढू नये. पकड फार कमी असेल तर पेशीला ओढायला आधार नसतो, फार जास्त असेल तर मागची टोकं सुटत नाहीत; वेग मधल्या पकडीला सर्वाधिक असतो. फायब्रोनेक्टिन १, ५ आणि २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशा पायऱ्यांनी घ्यावं. पेशीविभाजन रोखायला पोषक द्रवातलं सीरम (रक्तातला द्रव) कमी करतात, तिथे जपावं: सीरममध्येही फायब्रोनेक्टिन आणि तसंच दुसरं प्रथिन व्हिट्रोनेक्टिन असतं, त्यामुळे पकडच बदलते. त्याऐवजी विभाजन थांबवणारं औषध मायटोमायसिन-सी वापरलं तरी त्याच मात्रेचा कंट्रोल हवाच.

मोजणीतही फरक आहे. एमसीएफ-७ चा थर एकसंध सरकतो, म्हणून फटीचं क्षेत्रफळ मोजणं पुरेसं. एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्याच दुसऱ्या सेल लाइनमध्ये ई-कॅडहेरिन नसतं. पेशी सुट्या पुढे जातात, कड विस्कटते, आणि क्षेत्रफळाचा आकडा फसवा ठरतो. तिथे एकेका पेशीचा माग काढावा.

शेवटी विन्क्युलिन किंवा पॅक्सिलिन (पकडीच्या जागी असणारं आणखी एक प्रथिन) रंगवायचं असेल तर इन्सर्ट सुरुवातीपासूनच पातळ तळाच्या डिशमध्ये लावावा. साध्या प्लास्टिकच्या जाड तळातून सूक्ष्मदर्शकाचं ६०एक्स ऑइल ऑब्जेक्टिव्ह फोकस होत नाही. धुऊन, ऑटोक्लेव्ह करून पुन्हा वापरलेल्या इन्सर्टची चिकटण्याची ताकद घटते आणि गळती वाढते. पकडीच्या प्रयोगाला दर वेळी नवाच घ्यावा. मॅट्रिक्स भेदून जाणं किंवा रासायनिक ओढीकडे सरकणं तपासायला मात्र दुसरी पद्धत लागते, उदाहरणार्थ ८ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्याचा कप, म्हणजे ट्रान्सवेल.