बीजसाठा कमी असताना घेतलेले उपचार : पुण्यातील एका केंद्राचा आठ महिन्यांचा अनुभव

माझे वय ३४ वर्षे असून एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे रक्तातील संप्रेरक) ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे कमी आहे. २०१९ मध्ये डाव्या बीजांडकोशातील चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढण्याची शस्त्रक्रिया झाली, पण अशा शस्त्रक्रियेमुळे स्त्रीबीजांचा साठा घटू शकतो, हे त्या वेळी आम्हाला कोणीही सांगितले नाही. आम्ही साताऱ्याला राहतो आणि गेले आठ महिने पुण्यात डेक्कन परिसरातील एका वंध्यत्व उपचार केंद्रात जात आहोत. असाच अहवाल हाती घेऊन रात्र रात्र जागणाऱ्या जोडप्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तेथे माझा एएमएचचा आकडा पाहून, सोनोग्राफी न करता आणि यजमानांच्या तपासणीचा कागद न उघडताच, दाती स्त्रीचे बीज घेण्याचा सल्ला दहा मिनिटांत देण्यात आला आणि पॅकेजचे पत्रक हातात ठेवण्यात आले. दाती स्त्रीच्या बीजाला माझा विरोध नाही. अनेक घरांत त्या मार्गाने मूल आले आहे. मात्र आपल्या शरीराची पुरती तपासणी होण्याआधीच तो मार्ग पुढे करण्यात आला, हे मनाला फार लागले.

सध्याच्या केंद्रातील डॉक्टर बाईंनी पहिल्या भेटीत सर्वप्रथम शस्त्रक्रियेचे जुने कागद मागितले. बीजांडकोशातील वाढीला लागलेल्या लहान फोलिकलमधून (बीज असलेल्या द्रवाच्या सूक्ष्म पिशव्यांमधून) एएमएच स्रवते. त्यामुळे इंजेक्शने दिल्यावर साधारण किती बीजे मिळतील याचा अंदाज त्यावरून येतो, पण बीजांची प्रत मुख्यतः वयावर अवलंबून असते आणि ती या आकड्यावरून कळत नाही, असे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. ३० ते ४४ वर्षे वयाच्या ७५० स्त्रियांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक अभ्यासही त्यांनी सांगितला. त्यात एएमएच कमी असलेल्या स्त्रियांना नैसर्गिक गर्भधारणा होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले नव्हते. लगेच त्यांनी हेही स्पष्ट केले की, त्या स्त्रियांना वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नव्हता आणि आम्ही तर अडीच वर्षे प्रयत्न करत होतो, तेव्हा त्या निष्कर्षावर विसंबून आणखी वेळ घालवणे आमच्या हिताचे नाही. धीर देताना सत्य जराही सौम्य न करणारे डॉक्टर मला या प्रवासात प्रथमच भेटले.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली, तेव्हा त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि एकेका काळ्या ठिपक्यावर, म्हणजे फोलिकलवर, खूण करत मला सोबत मोजायला लावले. उजवीकडे तीन आणि डावीकडे एक. आकडा लहानच होता, पण तो मी स्वतः मोजला होता, त्यामुळे पुढचे सगळे निर्णय समजून घेणे सोपे गेले.

आधीच्या ठिकाणी सुचवलेल्या पीआरपीबद्दल (स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रव बीजांडकोशात टोचण्याचा उपचार) विचारले असता, त्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा अद्याप नाही आणि त्यासाठी पैसे खर्च करू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. एका सायकलमध्ये, म्हणजे इंजेक्शने देऊन बीजे काढण्याच्या एका फेरीत, बीजे थोडीच मिळणार, म्हणून दोन सायकलमधील भ्रूण गोठवून मग प्रत्यारोपण करायचे, असे ठरले. खर्चाचा अंदाज लेखी मिळाला, त्यात इंजेक्शनांची रक्कम वेगळी दाखवली होती आणि न वापरलेल्या व्हायल दुकानाने परत घेतल्या. काही इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागत असल्याने ती बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासमध्ये भरून मी स्वारगेटहून एसटीने नेत असे, आणि घरी सासूबाईंनी फ्रीजचा मधला कप्पा त्यासाठी रिकामा करून दिला होता.

पहिल्या सायकलमध्ये तीन बीजे मिळाली, त्यांपैकी दोन परिपक्व होती आणि पाचव्या दिवशी एक भ्रूण गोठवण्यायोग्य ठरला. दुसऱ्या सायकलमध्ये दोन बीजे मिळाली, पण एकाचेही फलन झाले नाही. ती बातमी प्रयोगशाळेतील भ्रूणतज्ज्ञांनी स्वतः फोन करून दिली आणि आम्ही प्रश्न विचारून थकेपर्यंत त्या बोलत राहिल्या.

तक्रारीही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. सकाळी आठची वेळ दिलेली असताना सोनोग्राफीला साडेदहा वाजतात. साताऱ्याहून पहाटे निघणाऱ्यांना हे फार जड जाते. प्रतीक्षाकक्ष प्रसूतिपूर्व तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांबरोबर सामाईक आहे. दुसऱ्या सायकलचा निकाल कळल्यानंतर तेथे बसणे मला असह्य झाले होते. इंजेक्शनच्या खिडकीवर नावाबरोबर ‘आयव्हीएफ’ (शरीराबाहेर फलन करण्याचा हा उपचार) असा पुकारा होतो, तो तातडीने थांबायला हवा. समुपदेशक केवळ गुरुवारी असतात, तेही आधी वेळ घेतली तरच.

आमचे एकुलते एक भ्रूण सध्या गोठवलेले असून प्रत्यारोपण पुढच्या पाळीनंतर ठरले आहे. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी शनिवार टाळावा, जुन्या शस्त्रक्रियेचे सर्व कागद बरोबर आणावेत आणि पहिल्या भेटीला दोघांनीही यावे, कारण येथे दोघांशीही बोलल्याशिवाय काहीच ठरवले जात नाही.